कलमावरचं ते बांडगूळ नाही, सीतेची वेणी आहे

तुमच्या पत्राचा मथितार्थ असा. देवगडजवळच्या घरामागं हापूसचं जुनं कलम आहे, त्याच्या बेचक्यात जाड, पट्ट्यासारख्या पानांचा एक झुबका गेली कित्येक वर्षं आहे. भाऊ म्हणतो, बांडगूळ आहे, आंबे उतरवून झाले की कोयत्यानं साफ करू. त्यातला एक फुटवा तुम्ही दिवाळीत पुण्याला आणून कुंडीत लावलात, तर तो खालून पिवळा पडत चाललाय आणि पानांची टोकं काहीतरी कुरतडतंय. गेल्या जूनमध्ये कलमावर वीतभर-हातभर लांबीचे गुलाबी गजरे लटकले होते, तसे पुण्यात येतील का?

सगळ्यात आधी भावाला फोन करा आणि कोयता थांबवा. पाठवलेल्या फोटोत दोन ओळींत एकमेकांना कवटाळून बसलेली पानं आहेत, हवेत लोंबणारी बोटभर जाडीची रुपेरी मुळं आहेत, आणि गेल्या वर्षीच्या वाळक्या दांड्यावर एक कंगोरेदार बोंडही राहिलंय. त्यात तुम्ही केलेलं गजऱ्याचं वर्णन जोडलं की शंकेला जागा उरत नाही. ही सीतेची वेणी, झाडावर वाढणारं एक ऑर्किड. कुणी गजरा म्हणतं, कुणी द्रौपदीमाला. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. (कासच्या पठारावरची निळी-जांभळी सीतेची आसवं ती वेगळी. तो जमिनीवरचा, बारीक किडे पकडणारा जीव. सीतामाईच्या नावावर आपण बरंच काही खपवलंय.)

बांडगूळ आणि ऑर्किड यांतला फरक मी बागायतदारांना एकाच जागी दाखवतो, जिथं झाड फांदीला भेटतं तिथं. बांडगुळाचं खोड फांदीत घुसलेलं असतं. त्या जागी फांदीला गाठ येते, आणि गाठीच्या पुढची फांदी हळूहळू खंगत जाते, कारण बांडगूळ आपली शोषक मुळं आत घालून तिचं पाणी आणि क्षार ओढून घेत असतं. ते उपटून निघत नाही. गाठीच्या मागून फांदीच कापावी लागते, आणि तीही त्याची फळं पिकण्याआधी, नाहीतर फुलटोच्या पक्षी त्याच्या चिकट बिया शेजारच्या फांदीला पुसून मोकळा होतो. आता तुमच्या झुबक्याकडं जा. एक मूळ नखानं हळूच उचलून बघा. ते सालीला घट्ट चिकटलंय, पण सालीच्या वरच. आत शिरलेलं नाही. खालची साल शाबूत, ओली, कदाचित थोडी शेवाळलेली. आंब्याचा एक थेंबही त्यानं घेतलेला नाही. भाडं न देता राहतोय म्हणा हवं तर, पण स्वयंपाक त्याचा तो करतो.

मग खातो काय? पानांत हरितद्रव्य आहे, अन्न तिथं तयार होतं. पाणी आणि क्षार येतात पावसातून, सालीवरून ओघळणाऱ्या पाण्यातून, बेचक्यात कुजलेल्या पाल्यातून, पक्ष्यांच्या शिटेतून. आणि हे सगळं पकडण्याचं काम ती रुपेरी मुळं करतात. यांच्याकडं जरा वेळ काढून बघण्यासारखं आहे. मुळाच्या गाभ्याभोवती मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड वेष्टन असतं, त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडं असताना त्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. त्यावर पाण्याचा फवारा मारा आणि मोबाइल न बघता अर्धा मिनिट थांबा. डोळ्यांदेखत ते हिरवं होतं. टीपकागदासारखं पाणी शोषलं गेलं, वेष्टन पारदर्शक झालं आणि आतल्या गाभ्याचा हिरवा रंग वर आला. हो, या मुळांतही हरितद्रव्य असतं. अशा ओल्या मुळावर काही बारीक पांढरे चट्टे मात्र हिरवे होत नाहीत. बुरशी लागली म्हणून लोक घाबरतात. ती मुळाची हवेची दारं आहेत. सगळं वेष्टन पाण्यानं भरलं तरी तेवढ्या जागा कोरड्या राहतात आणि आतल्या जिवंत पेशींना हवा मिळते.

पुण्यातला तुमचा फुटवा का पिवळा पडतोय, याचं उत्तर इथंच आहे. मातीत पुरलेलं हे मूळ ओलं झालं की वाळत नाही. हवेची दारं चिखलानं बुजतात आणि ते आतून कुजतं. पाणी भरपूर आणि झाड तहानलेलं, अशी अवस्था होते. तुम्हाला वाटतं पाणी कमी पडतंय, तुम्ही आणखी घालता. मी स्वतः पहिली दोन झाडं अशीच मारली. पंचवीसेक वर्षांपूर्वी घाटातल्या एका टपरीवर 'लटकती आमरी' (आमरी म्हणजे ऑर्किड) म्हणून जुड्या विकायला होत्या. जंगलातून ओरबाडलेल्या, मुळं बोटभर ठेवून छाटलेल्या. विकणाऱ्यानं सांगितलं, शेणखत-मातीत लावा, दणकून वाढेल. मी लावली. पहिल्या पावसाळ्यात खोडाचा बुंधा हाताला गिळगिळीत लागला आणि एक दिवस सगळी पानं मुठीत आली. त्यानंतर जंगलातलं झाड विकत घेतलं नाही, आणि मातीही नाही.

पानांच्या टोकांचं म्हणाल तर तिथं कीड नाही. सगळ्या पानांची टोकं बघा, झाडावरच्यांचीसुद्धा. प्रत्येक टोक असंच आहे, मध्ये खाच आणि दोन बाजू असमान, कुणीतरी चावा घेऊन सोडल्यासारख्या. ते जन्मतःच तसं असतं. नावातला 'रेट्युसा' हा शब्द बोथट, खाचदार टोकासाठीच आहे. तेव्हा कीटकनाशक आणलं असेल तर कपाटात ठेवा. पान सुमारे १५ ते ४० सेंटिमीटर लांब, दोन-चार सेंटिमीटर रुंद, चामड्यासारखं जाड, मधोमध पन्हळीसारखं दुमडलेलं, आणि उजेडात धरलं तर लांबीच्या दिशेनं फिकट रेघा दिसतात. ही पन्हळ मला फार आवडते. हलका शिडकावा झाला तरी पाणी तिच्यातून घसरत खोडाकडं, तिथून मुळांवर जातं. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडासारखी फुगीर खोडं या झाडाला नाहीत. उन्हाळ्याची बेगमी करायची ती या जाड पानांत आणि जाड मुळांत. जाड पानांच्या अशा झाडावरच्या ऑर्किडांत आणखी एक सोय आढळते. पानांवरची रंध्रं दिवसा मिटून ठेवायची आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घ्यायचा, म्हणजे पाणी कमी उडतं. निवडुंग करतो तेच.

नावाचा विषय निघालाय तर थोडं आडवळण घेतो. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये या झाडाला एपिडेंड्रम रेट्युसम असं नाव दिलं, तेव्हा त्याच्यासमोर होतं ते मलबारचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडच्या 'हॉर्टस मलबारिकस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातलं चित्र. हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला, आणि बाराव्या खंडात हे झाड आलं 'अंजेली मरवरा' या मल्याळी नावानं. अंजिली म्हणजे आपला पाटफणस, आणि मरवरा म्हणजे झाडावर वाढणारी. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मलबारी माणसानं नावातच पत्ता लिहून ठेवला होता की ही पाटफणसावर सापडते. याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचं कोकणी भाषेतलं, नागरी लिपीतलं प्रमाणपत्र छापलेलं आहे. ही कोचीनला राहणारी गौड सारस्वत मंडळी, मूळची तुमच्या-आमच्याच किनाऱ्याकडची. पुढं १८२५ मध्ये ब्लूम या जावात काम करणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ऱ्हिंकोस्टायलिस ही वेगळी प्रजाती केली. ग्रीकमध्ये ऱ्हिंकोस म्हणजे चोच. फुलाच्या मधल्या स्तंभाचं टोक चोचीसारखं असतं, म्हणून.

येत्या मोसमात ही चोच स्वतः बघा. गजरा ३० ते ६० सेंटिमीटरचा असतो आणि त्यावर शंभराहून जास्त फुलं इतकी खेटून असतात की मधला दांडा दिसत नाही. एक फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचं. पाच पांढरट-गुलाबी दलांवर जांभळे ठिपके, आणि सहावं दल, ओष्ठ, गडद गुलाबी-जांभळं, त्याच्या मागं बाजूंनी चपटी झालेली एक पिशवी. एक टूथपिक घेऊन स्तंभाच्या टोकाखाली हलकेच टेकवा आणि उचला. टोकावरची टोपी निघते आणि बारीक देठावर मेणासारख्या दोन पिवळ्या गोळ्या टूथपिकला चिकटून येतात. फुलाचे सगळे परागकण त्या दोन गोळ्यांत बांधलेले. साध्या फुलात पराग भुकटीसारखे उडतात, कुठं पडले तर पडले. ऑर्किड सगळा माल एकाच गाडीत भरतं. गाडी चुकली तर त्या फुलाचा खेळ संपला. म्हणूनच शंभर फुलांच्या गजऱ्यावर बोंडं धरतात दोन-चार. तुमच्या फोटोतलं ते एक बोंड काही कमी नाही.

आपल्याकडं याच दिवसांत एरिडीस मॅक्युलोझा ही दुसरी आमरीही फुलते, आणि सातपैकी चार लोक तिलाच सीतेची वेणी म्हणून फोटो टाकतात. तिची फुलं विरळ, प्रत्येक फूल सुटं दिसणारं, आणि ओष्ठ रुंद, पसरट, गुलाबी. वेणी म्हणजे गच्च विणलेली, एवढं लक्षात ठेवलंत तरी चुकणार नाही. फुलं नसताना मात्र नुसत्या पानांवरून छातीठोक सांगायला मीही कचरतो.

आता राहण्याच्या जागेविषयी, कारण पुण्यात गजरे येतील का याचं उत्तर त्यावर अवलंबून आहे. हे झाड भारत, श्रीलंका, नेपाळपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम आणि पुढं इंडोनेशिया-फिलिपिन्सपर्यंत पसरलेलं आहे. समुद्रकाठापासून साधारण १२०० मीटर उंचीपर्यंत भेटतं. एवढ्या पसाऱ्यातही त्याची आवड ठरलेली आहे. गर्द सदाहरित जंगलाच्या काळोखात ते रमत नाही, उघड्या माळावरही नाही. पानगळीचं ओलसर जंगल, निमसदाहरित जंगलाच्या कडा, जुन्या आमराया, देवराया, वाडीतले फणस. आंबोली, राधानगरी, कोयना, खाली कोकण-गोव्यात ऐनाच्या खोडावर तर हमखास. (ऐन म्हणजे गोव्याची माट्टी.) ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. त्या भेगांत पाणी थांबतं, बुरशी जगते, आणि धुळीसारखी बी अडकते. साल सोलून टाकणाऱ्या निलगिरीवर याचा टिकाव लागणं कठीण.

बुरशीचा उल्लेख उगाच केलेला नाही. एका बोंडात बिया लाखांनी असतात, पण कुठल्याच बीत शिदोरी नसते. भाताच्या दाण्यात जसं कोंबासाठी अन्न असतं तसं इथं काही नाही. योग्य जातीची बुरशी बीत शिरली आणि तिनं पोसलं तरच रोप होतं. हे नोएल बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १८९९ मध्ये लक्षात आलं. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या ल्युइस नुडसननं बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमात बी रुजवून दाखवलं, आणि आज प्रयोगशाळेच्या बाटल्यांतून येणारी रोपं ही त्याचीच पुण्याई. घरी कुंडीत बी पेरून मात्र काही होणार नाही, ते बोंड फांदीवरच उकलू द्या.

ऐनाकडून आणखी एक गोष्ट शिकायची. उन्हाळ्याच्या तोंडाला ऐन निष्पर्ण होतो. म्हणजे त्यावरच्या ऑर्किडाला हिवाळ्यात पाणी कमी मिळतं, फेब्रुवारीपासून उजेड भरपूर मिळतो, मग वळवाच्या सरी येतात, दांडे सुटतात, मे अखेर ते जूनमध्ये फुलं येतात आणि पाऊस लागला की ऐनाची पानं पुन्हा छत धरतात. कोरडा गारवा, उजेड, मग ओल, या क्रमानं गजरा येतो. आसामात मार्च-एप्रिलमध्येच पाऊस सुरू होतो आणि तिथं हेच झाड बैसाखाच्या बिहूला फुलतं. तिथं त्याला कपौ फूल म्हणतात, कपौ म्हणजे कपोत, होला. बिहू नाचणाऱ्या मुली तो गजरा अंबाड्यावर गुंडाळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचं ते राज्यफूल आहे. आपलं ताम्हण, त्याबद्दल तक्रार नाही.

पुण्यात लोक नेमका हा क्रम उलटा करतात. वर्षभर रोज पाणी, आणि ठेवायचं घरात पडद्याआड. पानं हिरवीगार, गडद, लांब होतात आणि गजरा काही येत नाही. गडद हिरवं पान म्हणजे उजेड कमी. पान किंचित पिवळसर हिरवं असेल तर उजेड बरोबर आहे.

तेव्हा आता करायचं ते असं. कुंडीतून फुटवा काढा, मुळं वाहत्या पाण्याखाली धुवा. दाबल्यावर पोकळ लागतात, साल निसटून आत दोरा उरतो, ती मेलेली. कात्री पेटत्या काडीवर धरून ती कापा. कडक लागणारी ठेवा. दोन-तीन जरी कडक मुळं असतील आणि एखाद्याचं टोक हिरवं दिसत असेल तर झाड वाचेल. ते दोन दिवस सावलीत टांगून कोरडं होऊ द्या. मग सागवानी पट्ट्यांच्या टोपलीत मोठे लाकडी कोळशाचे तुकडे, चार-पाचच, घालून त्यात बसवा. टोपली नसेल तर भेगाळलेल्या लाकडाच्या ओंडक्यावर जुन्या सुती साडीच्या पट्टीनं आवळून बांधा. आवळून हे महत्त्वाचं. झाड वाऱ्यानं डुगडुगत राहिलं तर कोवळं मूळ चिकटण्याआधीच मोडतं. नारळाची शेंडी बरेच जण सुचवतात. पुण्याच्या उन्हाळ्यात ती ठीक, पण पावसाळ्यात आठवडा-आठवडा ओली राहते, म्हणून मी वापरत नाही.

टोपली पूर्वेच्या गॅलरीत किंवा ५० टक्के सावलीच्या हिरव्या जाळीखाली टांगा, वारा लागेल अशी. मार्च ते मे सकाळी लवकर मुळं हिरवी होईपर्यंत फवारा, कडक उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा एकदा, पण रात्रीआधी पानांच्या बगलेतलं पाणी सुकलं पाहिजे. पावसाळ्यात पाऊसच पुरे. नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्यातून दोनदा. बोअरचं पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर धरतो आणि मूळ शोषेनासं होतं, शक्य तर पावसाचं पाणी साठवा. नवीन मुळं फुटायला लागली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. त्याआधी खत नको. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन एक चक्कर मारा. गोगलगायी मुळांची हिरवी टोकं सुरीनं कापल्यासारखी खातात, आणि टोक गेलं की मुळाची वाढ थांबते.

एवढं करूनही पहिल्या वर्षी गजऱ्याची आशा धरू नका, बहुधा दुसऱ्या वर्षीही नाही. मुळं तुटलेलं हे झाड आधी मुळं करतं, मग पानं, आणि सगळ्यात शेवटी गजरा. गजरा पानाच्या बगलेतून येतो आणि एका बगलेतून एकदाच, त्यामुळे पाच-सहा धडधाकट पानं हवीतच.

भावाला दोनच गोष्टी सांगा. कलमाच्या खोडाला बोर्डो पेस्ट फासताना त्या मुळांना वगळायचं, चुना आणि मोरचूद त्यांना सोसत नाही. आणि बाजूच्या फांद्यांची छाटणी करताना एकदम सगळं उघडं पाडायचं नाही, नाहीतर पानं भाजतात. झुबका खूप वाढून एखाद्या बारीक फांदीवर भार येत असेल तर ती फांदी खालून टेकू देऊन वाचवता येते. रायवळाच्या जुन्या वठलेल्या फांद्या वादळात पडल्या आणि त्यावर असाच झुबका आला, तर तो सरपणात जाऊ देऊ नका, जून लागता लागता शेजारच्या फणसाला बांधा. शेजारच्या राखीव जंगलातून मात्र उचलून आणायचा नाही, तो गुन्हा आहे, आणि सगळ्या ऑर्किडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंधही आहेत.

कुंडीतून निघालेली माती चांगली आहे असं फोटोवरून वाटतं. ती जास्वंदीला घाला.